बासष्ट पूर्णांक नऊ टक्के

भिंतीवरचा कागद. भोकं : १७२

ठाण्यात दाजी कर्णिकांचं बंदुकांचं दुकान होतं. १९८९ साली त्या दुकानाच्या भिंतीवर एक खाकी कागद लागला. चार फूट लांब, चार फूट रुंद. त्यावर पेन्सिलीनं काढलेलं एक वर्तुळ, वर्तुळात एकशे बहात्तर भोकं आणि खाली दाजींच्या वळणदार अक्षरात : ‘७२ टक्के. काम : कुंडलिक ओव्हाळ.’

त्या भिंतीवर आजवर कुणाचं नाव लागलं नव्हतं. दाजींच्या वडिलांचंही नाही. त्यांचा नुसता फोटो होता.

आता हे बहात्तर कसले, ते आधी सांगायला हवं. छर्ऱ्यांच्या बंदुकीतून एक गोळी सुटत नाही. शिशाचे अडीचशे-तीनशे बारीक छर्रे एकदम सुटतात, आणि पुढे जातील तसे पांगतात. किती पांगायचं ते नळीच्या तोंडाशी ठरतं. तिथं नळी आतून केसभर आवळलेली असते. त्या आवळण्याला चोक म्हणतात. चोक चांगला की वाईट हे तोंडानं सांगून भागत नाही. चाळीस यार्डांवर कागद उभा करायचा, एक बार टाकायचा, भोकं जिथं सगळ्यांत दाट तिथं मध्य धरून तीस इंची वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. काडतुसातल्या शंभर छर्ऱ्यांतले किती वर्तुळात आले, तो त्या नळीचा टक्का. सत्तर आले तर नळी पक्क्या चोकची. चाळीस आले तर तो नुसता पाइप.

राघोची बंदूक नुसता पाइप झाली होती.

राघो डोंबिवलीच्या खाडीकाठचा कोळी. बंदूक त्याच्या बापाची, दामाजीची. दामाजी मिठागरावर राखणदार होता. बापामागं लायसन राघोच्या नावावर झालं आणि राघोला नाद लागला मातीच्या चकत्या फोडण्याचा. यंत्र चकती हवेत भिरकावतं, ती खाली यायच्या आत फोडायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत तो दोनदा तिसरा आला होता. मग एका सकाळी होडीतून उतरताना बंदूक तोंडाकडून खाडीच्या चिखलात रुतली. राघोनं ती वरवर पुसली, बार टाकला आणि नळीचं तोंड फुटून बाहेर वळलं. हात वाचला, एवढंच. दाजींनी कायद्यानं करता येतं ते केलं. फुटलेली अडीच इंच नळी कापली आणि लायसनवर नवी लांबी नोंदवून आणली. पण चोक त्या अडीच इंचांतच होता. मुंबईतल्या दोन दुकानांनी राघोला सांगितलं, भंगारात घाला.

दाजींचा कारागीर कुंडलिक म्हणाला, “मी करतो.”

तोंड आवळायला आता जागाच नव्हती. म्हणून त्यानं उलटं केलं. तोंड आहे तेवढंच ठेवलं आणि त्याच्या इंचभर मागं नळीला आतून पोट काढलं. मडक्याला पोट आलं की गळा आपोआप अरुंद होतो, तसं. दाजींच्या एका जुन्या पुस्तकात या युक्तीवर अडीच ओळी होत्या, चित्र नव्हतं. कुंडलिकनं नळी आतून घासायचे होनिंगचे दगड स्वतः बेतले आणि दोन महिने त्या एका नळीत घातले. पुढच्या रविवारी राघो बंदूक न्यायला येणार होता.

आता रंभा. रंभा कुंडलिकची बायको आणि ठाण्यातल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात. तिचा शिक्का नऊ नंबरचा. पास झालेल्या नगावर तो बसतो, आणि एकोणीस वर्षांत नऊचा शिक्का असलेला एकही नग गिऱ्हाइकाकडून परत आला नव्हता. तिला याचा ताठा होता आणि ती तो लपवत नसे. कुंडलिक आधी त्याच कारखान्यात टर्नर होता. सहा वर्षांपूर्वी रंभानं त्याच्या चाळीस बुशी, म्हणजे यंत्रात बसवायच्या धातूच्या लहान नळ्या, नापास केल्या. फरक दोन थाउचा, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दोन.  कुंडलिक महिनाअखेरीला राजीनामा देऊन दाजींकडे लागला. वर्तकनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत तेव्हापासून सगळ्या विषयांवर बोलणं होई, कामावर सोडून.

म्हणून शुक्रवारी जेवताना तो आपणहून म्हणाला, “दुकानात येऊन जा एकदा. कागद लावलाय,” तेव्हा रंभानं त्याच्या ताटात दुसऱ्यांदा मीठ वाढलं.

शनिवारी दुपारी ती आली. कागदासमोर उभी राहिली. नाव वाचलं. तिला मनापासून बरं वाटलं आणि ती म्हणाली, “छान.”

तिथंच थांबली असती तर ही गोष्टही तिथंच थांबली असती.

“काडतुसात छर्रे किती असतात?” तिनं विचारलं.

२३९

“दोनशे एकोणचाळीस,” दाजी म्हणाले.

“कुणी मोजले?”

“पुस्तकात तक्ता आहे. हे वजन आणि सहा नंबरचे छर्रे, म्हणजे दोनशे एकोणचाळीस. माझ्या वडिलांचं पुस्तक आहे, रंभाबाई.”

“पण मोजले कुणी?”

“पुस्तक लिहिणाऱ्यानं मोजले असतील की.”

“हे काडतूस त्यानं बघितलंय?”

“अगं, सगळे त्याच्यावरच टक्का काढतात,” कुंडलिक म्हणाला. “किती वर्षं!”

“मोजले कुणी ते सांगा ना.”

“कुणी नाही.”

“मग एक फोडा.”

दाजी हसले. “कुंडलिक, ही घरीपण असंच करते का रे?”

“घरी पोळ्या मोजत नाही,” कुंडलिक म्हणाला. “तेवढी सूट आहे.”

दाजींनी एक सोडून तीन काडतुसं काढली, तीन वेगळ्या डब्यांतली. त्यांची तोंडं उकलून छर्रे तीन वाट्यांत ओतले. ताटात घातले तर छर्रे पळतात. रंभानं टेबलावर खरखरीत पॉलिश पेपर अंथरला, त्यावर ते जागच्या जागी बसले. पर्समधली सेफ्टी पिन उघडून तिच्या टोकानं ती दहा-दहा बाजूला सारू लागली. दाजी आधी गमतीनं बघत होते. दहाचे पंचवीस गट झाले आणि वाटीत अजून छर्रे होते, तेव्हा त्यांनी चष्मा लावला.

पहिलं : २८४.

दुसरं : २८८.

तिसरं : २८६.

“परत मोज,” कुंडलिक म्हणाला.

रंभा खुर्चीवरून उठली आणि पिन त्याच्या हातात दिली. त्यानं तिसरी वाटी मोजली. त्याच्या जाड बोटांत ती पिन दिसतही नव्हती. दोनशे शहाऐंशी.

दाजींनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तीस वर्षं ते तक्त्याचंच पान उघडत आले होते. पहिल्या पानाशी त्यांचं काही काम पडलं नव्हतं. “अमेरिकेत छापलंय,” ते हळू म्हणाले. “त्यांचा सहा नंबर आपल्या सहा नंबरहून जाड. जाड छर्रा, म्हणजे तेवढ्याच वजनात कमी बसतात. आणि आपल्याकडची काडतुसं विलायती मापाची.” त्यांनी पुस्तक मिटलं. “तीस वर्षं मी लोकांना टक्के सांगतोय, रंभाबाई.”

एकशे बहात्तर भागिले दोनशे शहाऐंशी. रंभाचं डोक्यात झालं होतं. साठ.

“हा एकच बार टाकला होता?” तिनं विचारलं.

“तीन,” कुंडलिक म्हणाला.

“बाकीचे दोन कागद?”

“आहेत. एकशे एकसष्ट आणि एकशे पासष्ट.”

“म्हणजे सरासरी एकशे सहासष्ट. अठ्ठावन्न टक्के.”

कुंडलिकनं स्टूल घेतलं, वर चढला, कागदाच्या चारही कोपऱ्यांच्या टाचण्या काढल्या, त्या खिशात ठेवल्या, कागदाची सुरळी केली आणि खाली उतरला.

“चाळीस बुशी,” तो म्हणाला.

“काय?”

“काही नाही.”

तपासणी अहवाल

(रंभानं त्याच संध्याकाळी, दुकानात नळी मापून आल्यावर, एका वापरलेल्या कागदाच्या पाठीवर लिहिलेला. कुणी मागितलेला नव्हता.)

नग : नळी, बारा बोअर, जुनी, अडीच इंच कापलेली.

काम करणारा : कुंडलिक ओव्हाळ.

तपासणारी : शिक्का ९.

आतलं पोट : तोंडापासून एक इंच मागं सुरू. लांबी अडीच इंच, खोली पंधरा थाउ. सगळ्या बाजूंनी सारखी. तीनदा मापली. (आमच्याकडे इतकं गोल काम कुणी करत नाही. हे कुणाला दाखवायचं नाही.)

भिंतीची जाडी : अजून पाच थाउ काढता येतील. सहा नाही.

सांगितलेला टक्का : ७२.

मोजलेला टक्का : ५८.

फरकाचं कारण : पुस्तकातला आकडा. कारागिराची चूक नाही.

गिऱ्हाइकाची मागणी : सत्तर.

निकाल :

इथं पास लिहायचं असतं नाहीतर नापास. तिसरा शब्द त्या रकान्यात कधी कुणी लिहिलेला नाही. रंभा पेन धरून बसली. आतल्या खोलीत कुंडलिक रेडिओची बटणं फिरवत होता, एकही स्टेशन धरत नव्हता. हा माणूस एकदा नोकरी सोडून गेला होता. या वेळी कुठं जाईल? नापास लिहिलं तर त्याच्या हातचं हे पहिलं काम मरणार, ज्यावर त्याचं नाव लागलं होतं. पास लिहिलं तर नऊचा शिक्का मरणार. राघोला तर कळणारही नाही. बहात्तरचा निरोप त्याला आधीच गेला होता, तो खुशीत बंदूक घेऊन जाईल.

रकाना तसाच ठेवून तिनं कागदाची घडी केली.

वर्तुळाचे चार भाग

वर, डावीकडे.

रविवारी सकाळी राघो दुकानात शिरला तो आवाजासकट. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. “दाजी, राम राम! कुंडलिकशेठ, द्या मना माझी बहात्तर!” मग कोपऱ्यात बसलेली रंभा दिसली. “वैनी, तुमी पन आयल्यात? बरं झालं. आमची घरवाली आवडाबाई बोलली, बापाची बंदूक घरा येतेय, नारल फोरल्याशिवाय आत घेनार नाय.”

रंभानं ठरवलं होतं की आज तोंड उघडायचं नाही. काम ज्याचं, बोलणं त्याचं. त्यानं बहात्तर सांगितलं तरी ती इथं बोलणार नव्हती. मग काय करणार होती, ते तिला माहीत नव्हतं.

वर, उजवीकडे.

दाजींनी घसा साफ केला. “राघो, त्याचं असं आहे. या विषयाची तांत्रिक बाजू जरा—”

“बहात्तर नाही,” कुंडलिक म्हणाला. “अठ्ठावन्न.”

राघो एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला.

“छर्रे मोजल्याशिवाय टक्का काढला होता. पुस्तकावर विसंबलो. हिनं पकडलं.” त्यानं रंभाकडे अंगठा केला. आणि रंभा चमकली, कारण चूक कबूल करणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो. स्वतःची नवी लेथ दाखवावी तसा तो म्हणाला होता : हिनं पकडलं.

खाली, उजवीकडे.

राघोनं पिशवी टेबलावर आदळली. “म्या गावभर सांगून बसलंय! पुढच्या महिन्यात स्पर्धा हाय. अठ्ठावन्नला चकती फुटंल का?”

“कधी फुटेल. कधी नाही.”

“कधी नाय! मंग मी काय करू, चकतीला इचारू, बाय आज फुटतंस का? त्यापरीस चौकीत जमा करताव बापाची बंदूक न जाले घेऊन बसताव.” बोलता बोलता त्यानं टेबलावरची सुरळी ओढली आणि उलगडली. तोच एकशे बहात्तरचा कागद. खिशातून त्यानं मातीची चकती काढली, बशीएवढी, काळी. ती तो नेहमी जवळ बाळगत असे. कागदावर ती ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. “ही बघा. इथून जेली. एक पन छर्रा लागला नाय. इथून पन जेली. न इथून.” चकती जिथं एकाही भोकाला न शिवता बसेल अशा अकरा जागा त्यानं दाखवल्या. रंभा उठून जवळ आली. तिनं भोकं मोजली होती. भोकांमधली रिकामी जागा मोजायची असते हे तिला सुचलं नव्हतं. एका कोळ्यानं चकतीनं ती मोजली, आणि तिला स्वतःचा राग आला.

राघोचा स्वर मात्र उतरला होता. तो कागदावर वाकून बघत राहिला. “कुंडलिकशेठ, तुमी पाग टाकलीय कवा?”

पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. त्याच्या कडेला शिशाचे मणी असतात.

“मी? नाही.”

“पाग फेकताना हाताला झटका बसला ना, का शिसं थव्यानं परतंय. इथं ढीग, तिथं उघरं. हात कसा सोराचा, हलू हलू.” त्यानं दुकानात, बंदुकांच्या कपाटासमोर, कंबरेतून वळून रिकामे हात फेकले. “तुमच्या नलीत झटका हाय कुठंतरी.”

खाली, डावीकडे.

 कुंडलिकनं दाजींच्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात नळी काढली, उभी चिरलेली. सरळ रेघ, मग पोट, मग पुन्हा सरळ रेघ. पोट जिथं सुरू होत होतं तिथं पायरी होती, पंधरा थाउची, पण उभी. छर्रे भरधाव येत होते आणि त्या पायरीवर अडखळत होते. त्यानं पायरी खोडली. तिच्या जागी लांब उतार काढला. समोर, तोंडाकडे, तसाच लांब चढ.

“पोट लांबवतो,” तो स्वतःशीच म्हणाला. “चार इंच. वीस थाउ.”

“वीसच्या वर जाऊ नका,” रंभा म्हणाली. मग तिला आठवलं की बोलायचं नव्हतं.

“एकवीस कोण करतोय?” कुंडलिक म्हणाला. “राघोभाऊ, तीन आठवडे द्या.”

“न सत्तर?”

“सत्तर नाही सांगत. किती होईल ते ही मोजेल.”

राघोनं रंभाकडे पाहिलं. “वैनी खोटं मोजनार नाय ना? नवऱ्यासाठी?”

“माझ्या चाळीस बुशी टाकल्यात तिनं,” कुंडलिक म्हणाला. “तिला विचारताय!”

बोंबलांची पिशवी टेबलावरच राहिली होती. राघो ती उचलून परत घेऊन गेला. “काम झाल्यावं,” असं म्हणाला.

दहा कागद

तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी माजिवड्याच्या नाक्यावर दाजींची जीप उभी होती. टपावर बांबूची चौकट, मागं खाकी कागदांची गुंडाळी आणि खळीचा डबा. रंभानं विहारातल्या साक्षरता वर्गाच्या बायकांना सांगून ठेवलं होतं, आज मी नाही, पाढे म्हणत बसा. आंबिवलीच्या पुढं एक बंद पडलेली दगडखाण आहे. दाजी तिथं परवानगी काढून, पोलीस ठाण्यात कळवून बंदुका तपासत.

पोचल्या पोचल्या रंभानं टेप काढली.

“चाळीस यार्ड मी खुंट्या ठोकून ठेवलेत,” कुंडलिक म्हणाला.

“असतील.”

तिनं टेप लावली. चाळीस यार्ड. इंचाचाही फरक नव्हता. ती टेप गुंडाळताना कुंडलिक दुसरीकडे बघत होता, पण त्याचे कान हसत होते.

राघोनं वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवली. बंदूक त्याची, लायसन त्याचं, बार त्यानंच टाकायचे. प्रत्येक बारामागं खाणीच्या भिंतींतून आवाज फिरून यायचा, मग कुंडलिक जाऊन कागद उतरवायचा, नवा लावायचा. दहा बार झाले. एक काडतूस शिल्लक राहिलं. मग रंभा जांभळाच्या सावलीत सतरंजीवर बसली आणि मोजायला लागली. दाट जागा शोधायची, दोरीनं वर्तुळ काढायचं, एकेका भोकावर लाल पेन्सिलीचं टिंब, दहा झाली की कडेला रेघ.

कागद १ : १७६.

कुंडलिक उभा होता. तो बसला.

कागद २ : १८४.

तो उठला.

कागद ३ : १८१.

कागद ४ : नाही.

“चौथा कुठाय?”

जीपमध्ये नव्हता, चौकटीपाशी नव्हता. दाजींनी स्वतःच्या कोटाचे खिसेही चाचपले, चार फुटी कागदासाठी. शेवटी रंभाची नजर सतरंजीच्या टोकाला ठेवलेल्या पुडक्यावर गेली. खाकी, गच्च बांधलेलं, आणि वास सांगत होता आत काय आहे.

“राघोभाऊ.”

“वैनी, ते तुमच्यासाठीच हाय. बोंबील. पिशवी फाटली म्हनून—” राघोचा चेहरा पडला. “मना वाटलं, भोकं परलेला कागद, आता काय कामाचा.”

दाजी हसत सुटले. कुंडलिकनं पुडकं सोडून कागद पसरला. तेलकट डाग, सुरकुत्या आणि भोकंच भोकं.

“मोज की,” तो म्हणाला.

“यातली छर्ऱ्यांची कुठली आणि बोंबलाच्या काट्यांची कुठली?”

“तो दोनशेचा होता, वैनी,” राघो म्हणाला. “आपल्या डोल्यांनी बघितलाय. सगल्यांत भारी तोच.”

“असेल. मी मोजलेला नाही.”

“मग नवांची सरासरी काढा,” दाजी म्हणाले.

“दहा ठरले होते.” रंभानं शिल्लक काडतुसाकडे बोट केलं. “चौथा परत टाका.”

कागद ४, दुसऱ्यांदा : १७१. दहांतला सगळ्यांत कमी.

कुंडलिकनं बोंबलांकडे अशी नजर टाकली की राघो दोन पावलं मागं सरला.

पुढचे सहा सरळ गेले. एकशे सत्याऐंशी, एकशे एकोणऐंशी, मग एकशे नव्वद. तेव्हा दाजींनी टोपी काढून पुन्हा घातली. नंतर १७४, १८३, १७५. रंभानं बेरीज खालून वर आणि वरून खाली केली. अठराशे. सरासरी एकशे ऐंशी. त्याच डब्यातली तीन काडतुसं तिनं कालच मोजून ठेवली होती : पुन्हा दोनशे शहाऐंशीच्याच आसपास.

 राघो खिशातून चकती काढून गुडघ्यांवर बसला होता. दहाही कागद त्यानं ओळीनं पसरले, कोपऱ्यांवर खडी ठेवली आणि एका कागदावरून दुसऱ्यावर रांगत तो चकती सरकवत गेला. कुठं दोन रिकाम्या जागा सापडल्या, कुठं तीन. कडेला. सातव्या कागदावर तो फार वेळ थांबला. चकती फिरवली, उलटी फिरवली. तिथं एकही सापडली नाही.

तो उठला तेव्हा त्याच्या पांढऱ्या पँटच्या गुडघ्यांवर खाणीची माती होती.

“सत्तर नाय,” तो म्हणाला.

“नाही,” कुंडलिक म्हणाला.

“पन पाग बराबर परलीय. मधी कुठं उघरं नाय.” त्यानं बंदूक उचलली, उघडली, नळीतून आभाळाकडे पाहिलं, मग कुंडलिकच्या डोळ्याशी धरली, जसं काही ते काम कुंडलिकनं पाहिलेलंच नव्हतं. “बघा, बघा. माझा बाप या बंदुकीला खारं वारं लागू देत नव्हता. आज असता तर तुमच्या हाताला त्यानं तेल लावलं असतं. उद्या जाऊन नाव देताव मी स्पर्धेत. न त्या दोन-तीन भोकांतून जी चकती जाईल ना, ती तिच्या नशिबानं जाईल. जाऊ दे तिला. पोरंबालं असतील.”

रंभानं पर्समधून घडी घातलेला अहवाल काढला. जुने आकडे एका रेघेनं खोडले, वाचता येतील असे, आणि शेजारी नवे लिहिले. पोट चार इंच. खोली वीस थाउ. मोजलेला टक्का : ६२.९.

कुंडलिक तिच्या खांद्यावरून बघत होता. “त्रेसष्ट लिही ना.”

“बासष्ट पूर्णांक नऊ.”

“अगं, एका दशांशाचा प्रश्न आहे.”

“दोन थाउचा प्रश्न होता तेव्हा चाळीस टाकल्या होत्या.”

दाजींनी आभाळात काहीतरी शोधायला सुरुवात केली. राघोला बुशींचं काही कळत नव्हतं, पण गप्प बसायचं एवढं कळलं. कुंडलिकनं लाल पेन्सिल रंभाच्या हातातून घेतली, तिचं टोक बोथट झालं होतं, खिशातल्या चाकूनं तासलं आणि परत दिली.

“बरोबर टाकल्या होत्यास,” तो म्हणाला. “तेव्हाच माहीत होतं मला. बावन्न बुशी होत्या त्या. बारा मी आधीच भंगारात लपवल्या होत्या.”

रंभानं त्याच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत तिच्या नजरेतून बारा नग निसटले होते, आणि ते या माणसानं निसटवले होते. तिला हसू आलं आणि ते तिनं दाबलं नाही. हसता हसताच तिनं ‘निकाल’च्या रकान्यात ‘पास’ लिहिलं. शिक्का कारखान्यात होता, तिथून तो बाहेर नेता येत नाही. म्हणून तिनं लाल पेन्सिलीनं एक लहान गोल काढला, आणि आत नऊ.

भिंतीवरचा कागद. भोकं : १८१

दाजींना सातवा लावायचा होता, एकशे नव्वदवाला. रंभानं तिसरा लावायला लावला. “सगळ्यांत चांगला नाही लावायचा,” ती म्हणाली. “नेहमी पडतो तसा लावायचा.” खाली दाजींनी लिहिलं : ‘दहा बारांची सरासरी ६२.९ टक्के. काम : कुंडलिक ओव्हाळ. तपासणी : रंभा ओव्हाळ.’ शेजारी तिचा लाल नऊ. टाचण्या त्याच, कुंडलिकच्या खिशातल्या.

राघो त्या वर्षी स्पर्धेत कितवा आला ते त्यालाच विचारावं. तो ते फार रंगवून सांगतो आणि दर वेळी चकत्या वाढतात.

दुकानात येणारे लोक कागदासमोर थांबतात. कल्याणचा एक शिकारीचा शौकीन म्हातारा एकदा म्हणाला, “कर्णिक, बासष्ट कसले लावताय? अमक्याच्या दुकानात पंचाहत्तरचा कागद आहे.”

दाजींनी खण उघडला, पॉलिश पेपर टेबलावर अंथरला आणि एक सेफ्टी पिन त्याच्यापुढं सरकवली.

“असेल,” ते म्हणाले. “आधी त्याचं एक काडतूस फोडा आणि मोजा.”